३७ दिवस आणि कलम २३१

आग्रही: साराजेव्होत एका पोरानं गोळी झाडली आणि जग पेटलं, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. तात्कालिक कारण, राजपुत्राचा खून. मूलभूत कारणं, साम्राज्यवाद, लष्करवाद, राष्ट्रवाद, गुप्त करार. एवढं लिहिलं की पाच मार्क. मला या उत्तराचा राग येतो, कारण त्यात निर्णय घेणारा माणूस कुठंच नाही. चार 'वाद' आपापसांत भांडले आणि एक कोटीच्या आसपास सैनिक मेले, असं काहीतरी ते सांगतं. प्रत्यक्षात ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी मारले गेले २८ जून १९१४ ला, आणि ब्रिटननं युद्ध पुकारलं ४ ऑगस्टला. मध्ये ३७ दिवस गेले. त्या ३७ दिवसांत व्हिएन्ना, बर्लिन, सेंट पीटर्सबर्ग, पॅरिस आणि लंडन इथल्या मोजक्या खोल्यांत मोजक्या माणसांनी कागदांवर सह्या केल्या. त्यांची नावं उपलब्ध आहेत, तारखा आहेत, तारा आहेत. ५ जुलैला जर्मनीच्या कैसर विल्हेल्मनं ऑस्ट्रियाच्या राजदूताला सांगितलं की सर्बियाचं काय करायचं ते करा, आम्ही पाठीशी आहोत. दुसऱ्या दिवशी चॅन्सेलर बेथमान-होलवेगनं त्यावर मोहोर उठवली. इतिहासकार याला कोरा चेक म्हणतात. मग २३ जुलैला ऑस्ट्रियानं सर्बियाला ४८ तासांच्या मुदतीचा जो खलिता दिला, तो नाकारला जावा म्हणूनच लिहिला होता. वेळ कशी साधली तेही पाहा. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष प्वँकारे रशियाच्या दौऱ्यावर होते. ते बोटीत बसून परत निघेपर्यंत व्हिएन्ना थांबलं. फ्रान्स आणि रशियाला समोरासमोर बसून काही ठरवता येऊ नये, एवढाच हेतू. याला अपघात कसं म्हणायचं?

शंकेखोर: अपघात म्हणू नका, पण एवढ्या घाईनं आरोपपत्रही दाखल करू नका. थांबण्याचं कारण तुम्ही एकच सांगितलंत. दुसरी दोन अगदीच रटाळ होती, म्हणून ती कुणाला आठवत नाहीत. हंगेरीचा पंतप्रधान टिसा १४ जुलैपर्यंत युद्धाला तयार नव्हता. आणि ऑस्ट्रियाच्या सैन्यातले कित्येक शिपाई सुगीच्या रजेवर घरी गेले होते. शेतातलं पीक निघाल्याशिवाय फौज जमवायची नाही, हे शहाणपण साम्राज्यालाही पाळावं लागत होतं. खुनाच्या आठवड्यातच ऑस्ट्रियानं बेलग्रेडवर चाल केली असती, तर युरोपातल्या निम्म्या दरबारांनी हळहळत का होईना मान डोलावली असती. महिनाभरानंतर ती सहानुभूती आटली होती. म्हणजे तुमच्या थंड डोक्याच्या कटाच्या मध्ये एक अनिच्छुक पंतप्रधान आणि गव्हाची कापणी उभी आहे.

सर्बियालाही निरागस ठरवू नका. गोळी झाडणारा गाव्रिलो प्रिन्सिप १९ वर्षांचा होता, पण त्याच्या हातातलं पिस्तूल सर्बियन लष्करी गुप्तहेर खात्याचा प्रमुख दिमित्रियेविच याच्या माणसांकडून आलं होतं. संपूर्ण सैन्य उभारण्याचा हुकूम देणारं पहिलं मोठं राष्ट्रही जर्मनी नव्हतं. ३० जुलैला रशियानं तो दिला. आदल्या रात्री झारनं तोच हुकूम मागे घेतला होता, दुसऱ्या दुपारी परराष्ट्रमंत्री साझोनोव्हनं त्याला पुन्हा वळवलं. आता मला सांगा, १९०८ मध्ये बोस्नियावरून, १९११ मध्ये मोरोक्कोवरून, १९१२-१३ मध्ये बाल्कन युद्धांवरून हीच राष्ट्रं, हेच करार आणि बरीचशी हीच माणसं एकमेकांसमोर उभी ठाकली होती. तेव्हा युद्ध झालं नाही. करारांची रचना दोषी असेल तर ती तेव्हाही होती. माणसं दोषी असतील तर तीही होती. आपल्याकडे बांधावरून खून पडतो तेव्हा कुऱ्हाड उचलणारा सापडतो. पण तीन पिढ्या बांध इंचाइंचानं कुणी सरकवला, हे तलाठ्याच्या कागदावरून कधी कळत नाही. तुम्ही फक्त कुऱ्हाडीचा पंचनामा करताय.

आग्रही: पंचनामा कुऱ्हाडीचाच करायचा असतो. पण तुमच्या प्रश्नाला उत्तर आहे. आधीच्या प्रत्येक संकटात कुणीतरी एक मागे सरला होता. १९०९ मध्ये जर्मनीच्या दमदाटीपुढं रशियानं बोस्नियाचा अपमान गिळला, आणि तो साझोनोव्हसारखे लोक विसरले नव्हते. १९१४ मध्ये पुन्हा गिळायची त्यांची तयारी नव्हती. उलट बर्लिनमध्ये भीती होती की रशियाचा सैन्यविस्तार आणि रेल्वे १९१७ पर्यंत पूर्ण होईल आणि मग त्याला हरवणं अशक्य होईल. युद्ध व्हायचंच असेल तर आत्ताच झालेलं बरं, असा हिशेब जर्मन सेनाप्रमुख मोल्टके आणि त्याचे सेनाधिकारी उघड करत होते. कैसरनं ८ डिसेंबर १९१२ ला सेनाप्रमुखांची जी बैठक घेतली, तीतही हेच सूर होते.

सैन्य उभारणीचं म्हणाल तर सगळ्यांची उभारणी सारखी नव्हती. रशियाचं सैन्य गोळा होऊन सरहद्दीवर आठवडेच्या आठवडे बसू शकत होतं. फ्रान्सनं तर आपले शिपाई सरहद्दीपासून १० किलोमीटर मागं घेतले होते. एकट्या जर्मनीच्या योजनेत सैन्य उभारणं म्हणजेच युद्ध सुरू करणं होतं, कारण पहिल्या काही दिवसांतच तटस्थ बेल्जियममध्ये घुसून लिएजचे किल्ले घ्यायचे होते. ही योजना आभाळातून पडली नव्हती. ती लिहिणारे आणि मंजूर करणारे पगारी अधिकारी होते.

शंकेखोर: मग १ ऑगस्टच्या संध्याकाळचं काय करायचं? लंडनहून जर्मन राजदूत लिख्नोव्स्कीची तार आली, गैरसमजातून आलेली, की इंग्लंड फ्रान्सला तटस्थ ठेवेल. कैसर हरखला. म्हणाला, झालं तर, सगळं सैन्य पूर्वेकडे, रशियावर वळवा. मोल्टकेचा चेहरा उतरला. त्यानं सांगितलं, ते होणार नाही. लाखो माणसांची हालचाल, हजारो आगगाड्यांचं वर्षभर बसून आखलेलं वेळापत्रक एका रात्रीत फिरवलं तर हाती सैन्य नव्हे, जमाव उरेल. सम्राट थांबायला तयार आणि गाड्या थांबायला तयार नाहीत. निर्णय घेणारा माणूस दाखवा म्हणत होतात ना? इथं निर्णय वेळापत्रकानं घेतला.

आग्रही: मोल्टके म्हणाला म्हणून ते खरं? जर्मन लष्कराच्या रेल्वे विभागातला अधिकारी जनरल श्टाब यानं पुढं पुस्तक लिहून दाखवून दिलं की गाड्या वळवता आल्या असत्या. वेळापत्रकाचा आडोसा ही माणसाची जुनी सवय आहे, आपल्या सरकारी कचेऱ्यांत रोज दिसते. शिवाय तुम्ही २८ जुलै वगळलात. सर्बियाचं उत्तर आलं होतं. ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांना सर्बियाच्या भूमीवर तपासात भाग घेऊ द्यायचं सोडलं तर जवळपास सगळं त्यांनी कबूल केलं होतं. कैसरनं ते त्या दिवशी सकाळी वाचलं आणि लिहिलं की आता युद्धाचं कारणच उरलं नाही. ऑस्ट्रियानं तारण म्हणून फार तर बेलग्रेड ताब्यात घ्यावं आणि थांबावं. बेथमान-होलवेगनं हा निरोप व्हिएन्नाला उशिरा आणि सौम्य करून पाठवला. तोपर्यंत ऑस्ट्रियानं युद्ध पुकारलं होतं. निरोप दडपणारा माणूस इथं नावानिशी सापडतो. १९६१ मध्ये हाम्बुर्गचा इतिहासकार फ्रिट्झ फिशर यानं जर्मन अभिलेखागारातून हेच बाहेर काढलं. सप्टेंबर १९१४ मधलं ते टिपण त्याला सापडलं, ज्यात बेल्जियमला मांडलिक करायचं आणि मध्य युरोपभर जर्मनीच्या आर्थिक छायेखालची बाजारपेठ उभी करायची, हे सगळं मांडलेलं होतं. पश्चिम जर्मनीत केवढं वादळ उठलं! स्वतःच्या देशाला स्वतःच्या कागदांनी दोषी ठरवणारा प्राध्यापक कुणाला आवडतो?

शंकेखोर: फिशरबद्दल मला आदर आहे. पण ते टिपण ९ सप्टेंबरचं. युद्ध सुरू होऊन महिना उलटल्यावर, फ्रान्स पडतोय असं वाटत असताना लिहिलेलं. जिंकायला निघालेला काय मागतो हे त्यातून कळतं. तो लढायला का निघाला, ते त्यावरून सिद्ध होत नाही. ब्रिटन, फ्रान्स, रशियाचीही अशी टिपणं पुढं निघाली. ब्रिटनच्या सायक्सनं आणि फ्रान्सच्या पिकोनं १९१६ मध्ये अरब मुलूख वाटून घेतला ते काय होतं?

आता माझी खरी शंका ऐका, ती पुराव्याच्या पलीकडची आहे. आपण दोघं इतक्या तपशिलानं हे ३७ दिवस कसे काय बोलू शकतो? १८७० च्या युद्धाबद्दल, क्रिमियाच्या युद्धाबद्दल कुणी असं दिवसागणिक भांडत नाही. याचं कारण युद्धानंतरचं आहे. २८ जून १९१९ ला, खुनाला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, व्हर्सायच्या राजवाड्यातल्या आरसे महालात तहावर सह्या झाल्या. त्यातल्या २३१ व्या कलमानं जर्मनी आणि तिच्या मित्रांच्या आक्रमणामुळे झालेल्या सगळ्या नुकसानीची जबाबदारी त्यांच्यावर टाकली, आणि त्या कलमावर भरपाई उभी केली. म्हणजे युद्ध कुणी सुरू केलं, या प्रश्नाला पैशाचा आकडा चिकटला. जर्मन परराष्ट्र खात्यानं केवळ या प्रश्नासाठी एक स्वतंत्र विभाग उघडला. १९२२ ते १९२७ या काळात त्यांनी आपल्या कागदपत्रांचे चाळीसेक खंड छापले, सोयीचे कागद पुढं आणि गैरसोयीचे मागं ठेवून. मग ब्रिटिश, फ्रेंच, ऑस्ट्रियन, सगळ्यांनाच आपापले खंड छापावे लागले. आपली सगळी कारणमीमांसा त्या खंडांवर पोसलेली आहे. युद्धाची कारणं हा विषयच युद्धाच्या परिणामांतून जन्माला आलाय. ज्या तराजूनं तुम्ही मोजताय तो वसुलीसाठी बनवला होता.

आग्रही: हे मला मान्य आहे, आणि अस्वस्थही करतं. पण त्या विभागाचा एवढा आटापिटा मुळात कशासाठी होता, तेही बोला. ज्याच्याकडे लपवायला काही नाही तो निवडून कागद छापत नाही. शिवाय २३१ सारखंच कलम ऑस्ट्रिया आणि हंगेरीबरोबरच्या तहांतही होतं, जवळपास त्याच शब्दांत. तिथं काही वीस वर्षं त्यावरून छाती बडवली गेली नाही. म्हणजे जखम कलमानं केली नव्हती, ती दुसरीकडून झाली होती आणि कलमावर दाखवली जात होती.

शंकेखोर: हंगेरीनं कलमावरून छाती बडवली नाही, कारण ट्रायनॉनच्या तहानं तिचा दोन तृतीयांश मुलूखच गेला, रडायला तिला मोठं कारण होतं. पण जर्मनीचं बोला. १९२१ मध्ये १३२ अब्ज सुवर्ण मार्कांचं बिल हातात दिलं. अर्थतज्ज्ञ केन्सनं १९१९ मध्येच ब्रिटिश शिष्टमंडळाचा राजीनामा देऊन पुस्तक लिहिलं होतं की अशी वसुली अशक्य आहे आणि ती करायला गेलात तर सगळा युरोप खड्ड्यात जाईल. पुढं काय झालं? १९२३ च्या जानेवारीत हप्ता थकला म्हणून फ्रेंच सैन्य जर्मनीच्या ऱ्हूर खोऱ्यात घुसलं. नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. आयुष्यभर पै-पै जोडणाऱ्या मध्यमवर्गाची बचत एका भाकरीच्या किमतीची झाली. आणि दहा वर्षांत हिटलर आला. एवढं सरळ कार्यकारण इतिहासात क्वचित मिळतं.

आग्रही: तुम्ही शंकेखोर ना? मग या सरळपणाची शंका कशी आली नाही! १३२ अब्जांपैकी ८२ अब्जांचे रोखे असे होते की ते कधी वसूल होणार नाहीत, हे आकडा लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होतं. फ्रेंच आणि ब्रिटिश मतदारांना दाखवायला तो आकडा होता. खरं देणं ५० अब्जांचं. १९३२ मध्ये लोझानच्या परिषदेत वसुली सोडून दिली तोवर जर्मनीनं सुमारे २० अब्ज भरले होते, आणि १९२४ नंतरचे हप्ते मुख्यतः अमेरिकी बँकांच्या कर्जातून भरले गेले. त्यातलंही पुष्कळ कर्ज पुढं बुडालं. १८७१ मध्ये हरलेल्या फ्रान्सवर जर्मनीनं ५ अब्ज फ्रँक लादले होते. फ्रान्सनं ते मुदतीआधी, १८७३ मध्ये फेडले. ब्रेस्ट-लिटोव्स्कचा तह विसरू नका. मार्च १९१८ मध्ये जर्मनी जिंकत होती, तेव्हा तिनं रशियाकडून सुमारे एक तृतीयांश लोकसंख्येचा मुलूख काढून घेतला. व्हर्सायनं जर्मनीकडून काढला तो सुमारे १० टक्के लोकसंख्येचा, त्यातही आल्सास-लोरेन तिनं १८७१ मध्ये फ्रान्सकडून घेतलेलं.

आणि हिटलर? महागाईच्या वर्षानंतर पाच वर्षांनी, मे १९२८ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला २.६ टक्के मतं मिळाली. व्हर्साय तेव्हाही होता, २३१ तेव्हाही होतं. सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ आणि जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के. मधल्या काळात काय बदललं होतं? न्यूयॉर्कचा बाजार कोसळला होता, अमेरिकी कर्ज आटलं होतं, साठ लाख लोक बेकार होते आणि चॅन्सेलर ब्रूनिंग खर्चाला कात्री लावत सुटला होता. केन्सचं पुस्तक फार सुंदर लिहिलंय, हाच त्याचा धोका. फ्रेंच अर्थतज्ज्ञ एतिएन मांतू यानं केन्सच्या एकेका भाकिताचा हिशेब तपासून खोडून काढणारं पुस्तक लिहिलं. ते छापून आलं १९४६ मध्ये. तोवर मांतू नव्हता, एप्रिल १९४५ मध्ये तो जर्मनीतच लढताना मारला गेला होता.

शंकेखोर: वहीतल्या जमाखर्चावर माणसं जगत नाहीत. जर्मनीची नाकेबंदी युद्धविरामानंतरही १९१९ च्या उन्हाळ्यापर्यंत चालू होती, पोरं उपाशी होती. ज्या घरात हे घडलं त्याला १८७१ च्या फ्रँकांची तुलना दाखवून समजूत पटत नाही. पण तुमची आकडेवारी मी मान्य करतो, कारण ती माझ्या कामाची आहे. तह तेवढा कडक नव्हता, तर मग तो तसा वाटला का? माझं उत्तर असं की जर्मन माणसानं पराभव पाहिलाच नव्हता. युद्ध उत्तर फ्रान्समध्ये आणि बेल्जियममध्ये झालं. लांसच्या कोळशाच्या खाणी पाण्यानं भरल्या त्या फ्रान्सच्या. ऱ्हूरची एक चिमणीही पडली नव्हती. २९ सप्टेंबर १९१८ ला जर्मन सेनापती लुडेंडॉर्फनं स्वतः कबूल केलं की ताबडतोब युद्धविराम हवा. आणि मग सही करायला पुढं ढकललं कुणाला, तर एर्त्सबेर्गर या मुलकी पुढाऱ्याला. डिसेंबरमध्ये बर्लिनला परतणाऱ्या पलटणींचं स्वागत करताना एबर्ट, समाजवादी एबर्ट, म्हणाला की कुठल्याही शत्रूनं तुम्हाला हरवलेलं नाही. वर्षभरात सेनापती हिंडेनबुर्ग चौकशी समितीपुढं सांगत होता की सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला गेला. १९२१ मध्ये एर्त्सबेर्गरचा खून झाला. म्हणजे तुमच्याच तर्कानं, निर्णय घेणारे सुटले आणि सही करणारा मेला. दोष ठरवणाऱ्या कलमानं नेमका दोषी माणूस वाचवला, कारण त्यानं दोष राष्ट्राच्या नावावर टाकला.

आग्रही: या शेवटच्या वाक्यावर मी वाद घालणार नाही. कैसर हॉलंडमध्ये लाकडं फोडत १९४१ पर्यंत जगला. त्याच्यावर खटला भरायचं कलमही तहात होतं. डच सरकारनं त्याला सोपवलं नाही.

शंकेखोर: थोडं आपल्याकडे बघा. तुमच्या त्या मोजक्या खोल्यांत आपण कुठं होतो? हिंदुस्थानातून तेरा लाखांच्या आसपास माणसं समुद्रापार गेली, ७० हजारांहून अधिक परत आली नाहीत. सरकारी तिजोरीतून दहा कोटी पौंड, म्हणजे त्या वेळचे दीडशे कोटी रुपये, ब्रिटनला 'भेट' गेले. भेट देणाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं. पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात बसऱ्याला उतरली, मराठा पलटणी तिच्यात होत्या. जनरल टाउनशेंड बगदादच्या मोहात टेसिफॉनपर्यंत गेला, मार खाऊन कुत-अल-अमाराला परतला आणि तिथं अडकला. १४७ दिवस तुर्कांचा वेढा. घोड्याचं मांस खायची वेळ आली, अनेक शिपायांनी धर्मासाठी ते नाकारलं. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार माणसांनी शस्त्रं टाकली. सोडवायला गेलेल्या फौजेत २३ हजारांची हानी झाली होती. कैद्यांतले हजारो वाळवंटातून चालवत नेताना आणि छावण्यांत मेले. या माणसांच्या बाजूनं युद्धाचं कारण काय? सर्बिया? बेल्जियम? अबादानचं तेल? आपल्याकडच्या कित्येक गावांत संगमरवरी पाटी आहे: या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. नुसते आकडे. बसऱ्याच्या मोठ्या स्मारकावरही तेच. इंग्रज शिपायाचं नाव कोरलं, हिंदी शिपाई मात्र अधिकारी नसेल तर पलटणीखालच्या आकड्यात. तुम्ही नावानिशी दोषी शोधताय, तिथं मेलेल्यांचीच नावं नाहीत.

आग्रही: तरीही त्या आकड्यांनी राजकारण हलवलं. कुतच्या गोंधळाची चौकशी झाली, तिचा अहवाल १९१७ मध्ये आला, भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन राजीनामा देऊन गेले, माँटेग्यू आले, आणि २० ऑगस्टला जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा झाली. मसुदा आधीपासून शिजत होता हे खरं, पण मेसोपोटेमियाच्या चिखलानं त्याला घाई केली. टिळकांनी हे गणित फार लवकर ओळखलं होतं. मंडालेहून सुटल्यावर १९१४ मध्ये सरकारला साथ द्या म्हणणारे टिळक १० जून १९१८ ला मुंबईच्या युद्धपरिषदेत स्वराज्याची अट घालतात, गव्हर्नर विलिंग्डन बोलू देत नाहीत, टिळक उठून जातात. पुढं लंडनहून त्यांनी फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो यांना पत्र लिहिलं की तुमचं स्वयंनिर्णयाचं तत्त्व हिंदुस्थानलाही लावा. पॅरिसला जायचा परवाना मात्र मिळाला नाही. व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानची सही आहे, ती माँटेग्यूंची आणि बिकानेरच्या महाराजांची.

शंकेखोर: आणि त्याच १९१९ च्या मार्चमध्ये रौलट कायदा, एप्रिलमध्ये जालियनवाला बाग. त्याआधीच्या जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरलेल्या इन्फ्लुएंझानं देशात एक कोटीहून अधिक माणसं नेली होती, रणांगणावरच्या हिंदी मृत्यूंच्या शंभरपट आणि त्याहून जास्त. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईत लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर होते; मालकांनी युद्धात नफा मारला होता आणि धान्य-कपडा महागला होता. गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. जी दारं युद्धानं उघडली, ती शांततेनं लावून घेतली. तुम्ही म्हणता आकड्यांनी राजकारण हलवलं. हलवलं, पण ज्याचा आकडा झाला त्याच्यासाठी काय हललं?

आग्रही: याला मी उत्तर देऊ शकत नाही, आणि माझा युक्तिवाद त्यावर अवलंबूनही नाही. माझं म्हणणं एवढंच की ज्यांना विचारलं गेलं नाही, त्यांच्या मृत्यूचा जाब ज्यांनी ठरवलं त्यांनाच मागायचा. रचनेला जाब विचारता येत नाही. तहाबद्दल माझं मत तुम्हाला कळलंच असेल: तो कडकही नव्हता, सैलही नव्हता, त्याला राखणदार नव्हता. फ्रान्सला ब्रिटन आणि अमेरिका मिळून संरक्षणाची हमी देणार होते. अमेरिकी सेनेटनं तह नाकारला, हमी बारगळली, ब्रिटननंही आपली हमी काढून घेतली कारण ती अमेरिकेवर बेतलेली होती. त्यानंतर ७ मार्च १९३६ ला हिटलरनं तहानं सैन्यबंदी केलेल्या ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य घातलं तेव्हा कुणी हललं नाही. ज्या तहामागं उभं राहायला कुणी तयार नाही, त्यातली कलमं कितीही न्याय्य असोत, काय उपयोग?

शंकेखोर: आता तुम्ही माझ्या हाती सापडलात. राखणदार म्हणजे काय? तुझ्यावर कुणी चालून आला तर मी लढेन, असा बांधून दिलेला शब्द. जर्मनीनं ५ जुलैला ऑस्ट्रियाला तोच दिला होता, त्याला तुम्ही कोरा चेक म्हणालात. फ्रान्सनं रशियाला तोच दिला होता. त्या पक्क्या शब्दांनी बाल्कनातलं भांडण फ्रान्समधल्या मार्न नदीच्या काठापर्यंत ओढत आणलं. १९१४ मध्ये शब्द पक्का होता म्हणून युद्ध पसरलं, आणि १९१९ नंतर शब्द नव्हता म्हणून तह कुजला. दोन्ही खरं असेल तर तुमचा उपाय कुठला?

आग्रही: शब्दाशब्दांत फरक आहे. दुसऱ्याला चढाईसाठी मोकळीक देणारा शब्द वेगळा आणि चढाई करणाऱ्याला आधीच सावध करणारा शब्द वेगळा. ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यानं दुसऱ्या जातीचा शब्द द्यायला उशीर केला. २९ जुलैला त्यानं लिख्नोव्स्कीला स्पष्ट बजावलं की फ्रान्स ओढला गेला तर आम्ही अलिप्त राहणार नाही. हे त्यानं २४ ला सांगितलं असतं तर बर्लिनचा हिशेब बदलला असता.

शंकेखोर: आणि मंत्रिमंडळ फुटलं असतं. मोर्ली आणि बर्न्स या मंत्र्यांनी ऑगस्टमध्येसुद्धा, बेल्जियम समोर असताना राजीनामे दिले. २४ जुलैला निम्मे गेले असते. लोकशाहीत परराष्ट्रमंत्र्याला तेवढाच शब्द देता येतो जेवढा त्याचं घर पाळेल. शिवाय तोच शब्द पॅरिस आणि सेंट पीटर्सबर्गलाही ऐकू गेला असता, आणि त्यांनी त्याचा अर्थ कोरा चेक असाच लावला असता. ज्या वाक्यानं एकाला धाक बसतो त्यानंच दुसऱ्याला बळ चढतं. ग्रे मूर्ख नव्हता, त्याला हे दिसत होतं.

आग्रही: मग १९३९ घ्या. ३१ मार्चला ब्रिटननं पोलंडला अगदी उघड, संसदेत उभं राहून शब्द दिला.

शंकेखोर: आणि युद्ध झालं.

आग्रही: कारण सहा महिन्यांपूर्वी म्युनिकला चेकोस्लोव्हाकिया सोडून दिला होता, हिटलरला वाटलं, हेही बोलणंच आहे. पण २५ ऑगस्टला लंडनमध्ये पोलंडशी रीतसर करार झाला. ती बातमी आणि इटलीच्या मुसोलिनीची माघार एकाच दिवशी बर्लिनला पोचली, आणि दुसऱ्या पहाटेचा हल्ला हिटलरनं थांबवला. सैन्य निघालं होतं, तरी परत बोलावलं. वेळापत्रक फिरवता येतं, हे तुमच्या मोल्टकेला उत्तर म्हणून लिहून ठेवा.

शंकेखोर: १ सप्टेंबरला गेलाच की.

आग्रही: सहा दिवसांनी. १९१४ मध्ये २८ जुलैनंतर सहा दिवस मिळाले असते, तर कैसरचं ते टिपण तरी व्हिएन्नाला धडपणे पोचलं असतं.

शंकेखोर: पोचलं असतं. बेथमान-होलवेगनं पोचू दिलं असतं तर. आणि झारनं तेवढे दिवस हुकूम पुन्हा काढला नसता तर. ते सहा दिवस कुणाच्या शब्दावर मिळाले असते, ते आधी सांगा. ग्रेच्या, की मंत्रिमंडळानं पाडलेल्या ग्रेच्या?